तुका जावचा झाला तर

त्यांनी माझी मार्कशीट वाचली तेव्हा तिचं एक टोक माझ्या हातात होतं. मी कागद पुढे केला, त्यांनी दुसरं टोक धरलं, आणि मी सवयीने हात सोडायला गेले तर म्हणाले, "सोडू नको. तुजो कागद आसा, तुज्या हातात रवांदे." मग टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे ते, मध्ये ताणलेली मार्कशीट, आणि ते चष्मा कपाळावर चढवून माझे बी.कॉम.चे गुण एकेक करून वाचतायत, असे आम्ही बराच वेळ उभे. मला हसू आवरेना. खिडकीतून खारा वारा येत होता आणि कागद आमच्या दोघांच्या मध्ये हलत होता. बाहेर पडल्यावर मी आईला फोन केला, की नोकरी लागली, पण मानूस जरा येडो वाटता.

गावात त्यांना 'कप्तान' म्हणायचे. ते काही कप्तान नव्हते. जहाजावर होते हे खरं, पण तिथेही हातात मॉपच. पंचवीसेक वर्षं परदेशी बोटींच्या केबिनी पुसून घरी आले. बोटीवरून परतलेली माणसं बंगला बांधतात, कलमांची बाग घेतात. यांनी मालवणात बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली, 'साफसफाई'. एवढंच. नाव नाही, फोन नाही. फोन नंबर मी आल्यावर घातला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. कुणी चुकून शेट म्हटलं तर ते उठून आतल्या खोलीत जायचे आणि तो माणूस निघून गेल्याशिवाय बाहेर यायचे नाहीत. आता त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ती खोली नि ती पाटी माझ्याकडे आहे, आणि अजून कुणी दारातून डोकावून "कप्तान आसत काय?" असं विचारलं की मी एकदम 'नाहीत' म्हणत नाही. आधी आत वळून बघते.

आमच्याकडे अकरा बायका कामाला होत्या. मालवणपासून तोंडवलीपर्यंतची रिसॉर्टं, होमस्टे, एक बँक, एक दातांचा दवाखाना, एवढ्यांची झाडलोट, लादी, संडास-बाथरूम, चादरी बदलणं हे आमचं काम. काका सकाळी व्हॅन घेऊन एकेकीला सोडत निघायचे. ती व्हॅन ते इतकी सावकाश चालवत की एकदा शालनमावशी मध्येच उतरली, मासळीवालीशी भाव करून बांगडे घेतले, आणि पुढच्या वळणावर येऊन परत आत बसली. ही शालनमावशी आमच्यातली सगळ्यांत जुनी, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघीण. ती म्हणायची, "हे बोट चालवतत. रस्तो हल्ता हेंका." खरं म्हणजे तसंच वाटायचं. माडांच्या सावल्या काचेवरून जात राहायच्या, कुणी बोलायचं नाही, आणि कामाला निघालोय की कुठे दूर देशी चाललोय ते कळायचं नाही. आज डोळे मिटले की मला त्या व्हॅनची घरघर ऐकू येते, आणि झोप येते.

त्यांच्या एकेक तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. कुणाच्या घरी गेले की चपला दाराबाहेर काढायचे नाहीत. काढायचे, पण हातात घेऊन आत यायचे आणि खुर्चीशेजारी जोडून ठेवायचे. लग्नाच्या पंगतीत बसले तरी चपला मांडीशी. लोक तोंडात पदर घालून हसायचे. दुपारी जेवण झालं की धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्याला टेकून डोळे मिटून बसत. मला वाटायचं झोपले, तर त्याच तंद्रीत विचारत, "ही बालदी खंयसून इली?" दुकानातून, असं मी म्हणे. "दुकानात खंयसून इली?" आता मला काय माहीत! बादलीच्या मूळगावाची चौकशी करणारा माणूस मी आधी बघितला नव्हता नि नंतरही नाही. पण ते खरंच जायचे. खराटे ज्या वाडीतून येत तिथे जाऊन बसले, फिनेल जिथे भरत तिथे गेले. माल बघायचेच नाहीत. पाणी मागायचे, संडास कुठे आहे विचारायचे, आणि कामगारांच्या खोल्यांच्या दाराची कडी आतून आहे की बाहेरून, एवढं बघून परत. एका व्यापाऱ्याला आपले हातमोजे कुठे बनतात ते सांगता येईना, तर आमच्या बायकांनी दोन महिने हातमोज्यांशिवाय काढले. मावशीच्या शिव्या खाल्ल्या त्या मी.

पण त्यांची मुख्य तऱ्हा म्हणजे सोमवार. दर सोमवारी सकाळी सगळ्या जमल्या की काका एकेकीसमोर उभे राहून एकच प्रश्न विचारत. "तुका जावचा झाला तर कदी जाशीत?" म्हणजे काम सोडून, घरी, कुठेही, जायचं मनात आलं तर केव्हा जाशील. बरोबर उत्तर एकच होतं, 'आत्ता'. नवीन बाई गोंधळायची. तुम्ही सांगाल तेव्हा, पगार झाल्यावर, असं काहीतरी बोलायची. की काका मान हलवून तिथेच थांबत, ती 'आत्ता' म्हणेपर्यंत. मला ती निव्वळ कटकट वाटे. कामाला आलेल्या माणसाला दर आठवड्याला 'कधी जातेस' म्हणून कोण विचारतं?

त्याचं फळ आम्हाला एकदा मिळालंच. मी मसुऱ्याची. आमच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही. देवीचा कौल झाला की ठरते, आणि ठरली की साऱ्या मुलखात धावाधाव. त्या वर्षी ती नेमकी रिसॉर्टं भरलेल्या आठवड्यात आली. सोमवारी काकांनी प्रश्न विचारला आणि शालनमावशी म्हणाली, आत्ता. तिच्या मागून दुसरी, तिसरी, करत अकराच्या अकरा गेल्या. काकांचा चेहरा असा खुलला, की जणू घरात लग्न ठरलंय. तोंडवलीच्या एकोणीस खोल्या मग आम्ही दोघांनी केल्या. मी लाद्या पुसत होते नि मनात देवीची माफी मागत होते, कारण ओटी भरायला माझी मीच गेले नव्हते, माझ्याच गावची जत्रा असून. मी दोन दिवस काकांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तुका पण इचारलंय. तू 'बघूया' म्हणालंस." हे खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

मग तो फॉर्म आला. मुंबईच्या एका हॉटेल कंपनीने इथली दोन रिसॉर्टं चालवायला घेतली होती, सफाई आमच्याकडेच ठेवली होती, आणि त्यांच्या ऑफिसातून चौदा पानं आली. विषय, आधुनिक गुलामगिरी. मी मोठ्याने हसले. शालनमावशीला कुणी गुलाम करून दाखवावंच, मी त्याचा सत्कार करीन! प्रश्न सरळ होते. कुणाची कागदपत्रं ठेवून घेतली आहेत का, कुणाला काम सोडून जायला बंदी आहे का, आणि तुम्ही ज्यांच्याकडून माल किंवा सेवा घेता त्यांच्याकडे असलं काही चालतं का. चहा निवायच्या आत मी 'नाही, नाही' करत चौदा पानं संपवली आणि सहीसाठी काकांपुढे ठेवली.

ते अकराव्या पानावर अडले. बोट ठेवून म्हणाले, "चादरी कोण धुता?"

लाँड्री धुते, मी म्हटलं.

"ता म्हायत आसा माका. धुता कोण?"

मला माहीत नव्हतं. आमचा जुना धोबी थकला म्हणून तीन महिन्यांपूर्वी मीच फोनवर एक मोठी लाँड्री ठरवली होती, तळेऱ्याच्या अलीकडे, हायवेपासून आत. गाडी येऊन मळकं घेऊन जायची, पांढरंशुभ्र आणून द्यायची. काका तेव्हापासून तिथे जाऊया म्हणत होते आणि मी आज-उद्या करत होते. कडी बघायला एवढ्या लांब कोण जाणार! काका म्हणाले, "कागदार 'नाय' लिवक वेळ लागना नाय. बघूक लागता." आणि फॉर्मवर सही न करता तो घडी घालून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. थंडीचे दिवस. कणकवली सोडली आणि धुक्यात शिरलो. पुढचा रस्ता दिसेना, काकांची व्हॅन आधीच गोगलगाय, त्यात हे. लाँड्रीच्या आवारात पोचलो तेव्हा आधी काहीच दिसलं नाही, मग धुक्यातून चादरी दिसायला लागल्या. ओळीने टांगलेल्या, शेकडो, पांढऱ्या, न हलणाऱ्या. आतून मशिनींची वाफ येऊन धुक्यात मिसळत होती. काय सुंदर दिसत होतं! मला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार हाच आला.

मालक सज्जन दिसला. चहा दिला, बिस्किटं दिली. कामगार ठेकेदाराचे, आपला संबंध नाही, बाकी काही तक्रार असली तर सांगा, म्हणाला. काकांनी काही विचारलं नाही. चपला खुर्चीजवळ होत्याच. ऑफिसात गेले की ते शुद्ध बोलायचे, तसं म्हणाले, मला जरा चादरींच्या घड्या घालू द्या, जहाजावरची सवय आहे, हात शिवशिवतात. मालक हसला. म्हाताऱ्याची लहर, म्हणून सोडून दिलं. ठेकेदाराचा एक माणूस दारात स्टूल टाकून बसला होता, तो मात्र आमच्यावर नजर ठेवून होता.

आत चार बायका होत्या. मोठ्या चादरीची घडी एका माणसाला येत नाही. दोघांनी दोन बाजू धरायच्या, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकांजवळ यायचं, टोकं जुळवायची, परत मागे जायचं, परत जवळ. एका चादरीला तीन-चारदा माणसं समोरासमोर येतात, अगदी श्वास लागेल इतकी. मशिनींच्या आवाजात दारातल्या माणसाला काही ऐकू जाण्याची शक्यता नव्हती. मी एकीबरोबर घड्या घालायला लागले. ती मान वर करेना. काका शेजारी एका सडपातळ बाईसमोर उभे होते.

पहिल्यांदा जवळ आले तेव्हा त्यांनी नाव विचारलं. ती म्हणाली, फूलमनी. दोघं मागे गेली, चादर ताणली. दुसऱ्यांदा जवळ आले तेव्हा त्यांनी आपल्या जहाजी हिंदीत तोच सोमवारचा प्रश्न विचारला, "घर जाने का दिल हुआ, तो कब जाएगी?" ती मागे गेली. चादर झटकली, त्याचा फट् आवाज झाला. तिसऱ्यांदा जवळ आली तेव्हा टोकं त्यांच्या हातात देताना म्हणाली, "कार्ड ठेकेदार के पास है." काकांनी 'अच्छा' म्हणून घडी बाजूला ठेवली आणि दुसरी चादर उचलली. असं एकेका घडीत एकेक वाक्य. झारखंडकडचं गाव. गेटला कुलूप, फोन आठवड्यातून एकदा, तोही ठेकेदारासमोर. येताना घेतलेली उचल काही केल्या फिटतच नाही. मुलगी आहे, चार वर्षांची. तिला सोडून आले तेव्हा ती दोन वर्षांची होती, बोलत नव्हती, आता फोनवर विचारते, कब आओगी. आणि त्यानंतर फूलमनी नुसती चादर ताणून उभी राहिली. काका पलीकडून टोक धरून उभे. मला ते दोघे वाफेत असे दिसतात अजून.

परतताना मी व्हॅनमध्ये थैमान घातलं. आत्ताच्या आत्ता काम काढून घेऊया, पोलिसांत जाऊया, त्या मालकाला बाजारात उभा करूया. काकांनी हायवेला लागल्यावर व्हॅन बाजूला घेतली आणि शांतपणे समजावलं, की काम काढून घेतलं तर ठेकेदार उद्या या बायकांना उचलून आणखी कुठेतरी नेईल आणि मग आपल्याला त्या कधीच सापडणार नाहीत. आपल्या चादरी तिथे जातात, म्हणून आपल्याला तिथे जाता येतं. आणि मग म्हणाले, "फूलमनीक काय व्हया, ता कोणी इचारला? पयला ता इचारूक व्हया." माझ्या डोक्यात सगळं होतं, ती सोडून.

पुढचे तीन आठवडे काका दर गाडीमागे जात राहिले, घड्या घालत राहिले. चौघींनाही घरी जायचं होतं, आणि सरकारी साहेबांसमोर बोलायची तयारी होती. मग काकांनी कामगार खात्यात अर्ज दिला, प्रांत ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. एक दिवस सकाळी साहेब लोकांच्या दोन जीपा लाँड्रीत शिरल्या. ठेकेदार मागच्या काजूच्या बागेतून पसार झाला. चौघींची आधारकार्डं मालकाच्या टेबलाच्या खणात बिस्किटांच्या डब्यात निघाली. मालक म्हणाला, हरवतात हो ह्या, म्हणून जपून ठेवली होती. मी तिथे त्याला जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. साहेब म्हणाले, मॅडम, पुरे. फॉर्मच्या अकराव्या पानावर 'होय' लिहून आणि सगळी हकीकत जोडून आम्ही तो मुंबईला पाठवला.

तिघी एकाच गावच्या, त्यांना न्यायला माणसं आली नि त्या आठवड्यात गेल्या. वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला चौघींना मिळाला, पण फूलमनीच्या दाखल्यात नाव चुकलं होतं. तो दुरुस्त होऊन येईपर्यंत ती आमच्याकडे राहिली, ऑफिसच्या मागच्या खोलीत, आणि बाकीच्यांबरोबर कामाला जाऊ लागली. पगार बाकीच्यांएवढाच. शालनमावशीने तिला सोलकढी शिकवली. फोन तिचा तिला मिळाला होता. ती संध्याकाळी मागच्या पायरीवर पदर डोक्यावर ओढून मुलीशी बोलत बसे, आणि समुद्राकडून वारा आला की तिचं बोलणं तुटक तुटक आत ऐकू येई.

नेमकं तेव्हाच काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पंधरा दिवस घरी बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि सगळा कारभार माझ्याकडे आला. मी किती हुशारले होते म्हणून सांगू! सोमवारचा प्रश्न मी विचारला नाही, वेळ वाचवला. त्याच शुक्रवारी फूलमनीचा दुरुस्त दाखला आला. मागच्या खोलीत उंदरांचा सुळसुळाट, शालनमावशीचं रेशनकार्ड त्यांनी आधीच कुरतडलेलं. मी फूलमनीला म्हटलं, दाखला नि आधारकार्ड इकडे दे, मी कपाटात ठेवते. तिने दोन्ही काढून दिलं, लगेच, दोन्ही हातांनी. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, डांबराच्या गोळ्या टाकल्या, कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. माझ्यावर किती विश्वास आहे हिचा, या विचाराने मला त्या रात्री छान झोप लागली.

दिवस गेले. ती जायचं नाव काढेना. काम मात्र पूर्वीपेक्षा दुप्पट करायची, कोपरे घासून घासून लादीचा रंग बदलला. मी आईला अभिमानाने सांगितलं, रमली ती आमच्याकडे.

काका काळा चष्मा लावून परत आले तो सोमवार होता. सगळ्या ओळीने उभ्या. आत्ता, आत्ता, आत्ता. शालनमावशी म्हणाली, आता गुडघो दुकता, पण आत्ताच. हसलो सगळे. मग ते फूलमनीसमोर आले आणि हिंदीत विचारलं. तिने मान खाली घातली. मग हळूच वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दीदी जब बोलेगी, तब."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. काका माझ्याकडे वळले. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते, तेच बरं झालं. मी पर्स उघडली, किल्ली सापडेना, पर्स उलटी केली टेबलावर, मग सापडली. कपाट उघडलं. ती पिशवी तिच्या हातात देताना मला 'माफ कर' म्हणायचं होतं, पण मी नुसती पिशवीवरची डांबराची पूड झटकली. तिने आतलं कार्ड काढून उलटसुलट बघितलं, नाव बोटाने चाचपलं, आणि खोलीत गेली. पाचच मिनिटांत कापडी पिशवी खांद्याला लावून बाहेर आली. ती पिशवी भरलेलीच होती. किती दिवसांपासून, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

मग माझी जीभ सुटली. गाडी उद्याची बघूया, मी कणकवलीपर्यंत येते, चपात्या देते बांधून, मावशीला सोबत पाठवूया का. काकांनी नुसता हात वर केला. फूलमनी त्यांच्या पाया पडायला वाकली, ते मागे सरकले आणि त्यांनीच तिला हात जोडले. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. रागाने नाही, प्रेमानेही नाही. आणि गल्लीतून एसटी स्टँडकडे चालायला लागली. दुपारच्या उन्हात ती वळेपर्यंत मी पायरीवर उभी होते.

तिच्या वाटच्या खोल्या तोंडवलीला होत्या, त्या करायला काका आणि मी गेलो. सुरूच्या बनात वारा घोंघावत होता, समुद्र ओहोटीला गेलेला. मी बादली भरली आणि रडायला बसले. मला वाटलं काका काहीतरी बोलतील, त्या लाँड्रीवाल्याला मी काय काय बोलले होते त्याची आठवण करून देतील. ते खिडकीशी उभे राहून पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती, आणि बहुतेक दुसऱ्या कुणीही नाही.

आखातातल्या एका बंदराबाहेर त्यांची बोट मालकाने वाऱ्यावर सोडली होती. अकरा महिने नांगरलेली. किनारा दिसायचा, दुपारी मुलं खेळताना दिसायची, पण उतरता येत नव्हतं, कारण उतरायला लागणारं खलाशाचं पुस्तक कप्तानाजवळ होतं. कप्तान आपल्याच किनाऱ्यावरचा, आपलीच भाषा बोलणारा. "तो वायट मानूस नव्हतो," काका म्हणाले. "बरो होतो. माजा पुस्तक भिजात, चोरीक जायत म्हणान आपल्या कपाटात ठेवल्यान. माका तापातसून उठवल्यान. माजी आई गेली तेवा तो माज्याबरोबर रडलो. पुस्तक मातर दिल्यान नाय. खंय जातलस, तो म्हणालो, हयच बरो आसस." मग म्हणाले, "वायट आसतो तर मी भांडलंय आसतंय. बऱ्या मानसाकडे मागूक जीभ उचलना नाय गो."

एवढंच. मग त्यांनी मॉप पिळला आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे येत लादी पुसायला सुरुवात केली. मी चादरी बदलल्या. आम्ही संध्याकाळपर्यंत काम केलं आणि एक शब्द बोललो नाही. राग नव्हता त्यांच्या गप्प बसण्यात. त्या दिवशी ते मला फार जवळचे वाटले, वडिलांसारखे, आणि मी त्यांना एवढी वर्षं येडो म्हणत आले याचं वाईट वाटलं.

चार दिवस फूलमनीचा फोन नाही. तिचा नंबर माझ्याकडे होता, पण लावायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि तासातासाला फोनकडे बघत होते. पाचव्या दिवशी दुपारी तिचाच आला. पोहोचली होती. मुलगी पहिल्या दिवशी आजीच्या मागे लपून बसली, ही कोण बाई म्हणून. दुसऱ्या दिवशी पदर धरला तो सोडतच नाही, आत्ताही धरूनच आहे. मागे कोंबड्या ओरडत होत्या, आणि एक बारीक आवाज सारखं काहीतरी विचारत होता. माझा जीव भरून आला. मी म्हटलं, खोली रिकामीच आहे, उंदरांचा बंदोबस्त केलाय, लेकीलाही घेऊन ये, कब आओगी?

ती म्हणाली, "नहीं आऊँगी, दीदी." कारण सांगितलं नाही, माफी मागितली नाही, पुढे कधीतरी बघू असंही म्हणाली नाही. मुलीने बोलावलं, आणि तिने फोन ठेवला.

खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. एवढं केलं आम्ही हिच्यासाठी! फोन हातात घेऊन मी तशीच बसले, आणि बसल्या बसल्या राग कुठे गेला कळलं नाही. आतल्या खोलीत काका चादरींच्या गठ्ठ्याला टेकून डोळे मिटून होते. मी जाऊन सांगितलं, की फूलमनी पोचली, लेक तिला बिलगलीय, मी परत कधी येतेस म्हणून विचारलं तर 'नाही येणार' म्हणाली.

काकांनी डोळे उघडले. "काय म्हणाला?"

नाही येणार, म्हणाली.

"परत सांग."

मी परत सांगितलं. ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी येईपर्यंत. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाले, परत सांग. मलाही रडू येत होतं. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि परत सांगितलं.